‘कॅचपोल’चा माग : दुर्मीळ इंग्रजी शब्दाचा आणि त्याच नावाच्या आडनावाचा इतिहास कसा शोधावा

टेलर, बेकर, कुक या इंग्रजी आडनावांचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही, कारण ते शब्द आजही त्याच अर्थाने चालू आहेत. ‘कॅचपोल’ हे आडनाव मात्र निराळ्या वर्गातले आहे. हा एकेकाळी कर वसूल करणाऱ्या माणसासाठी रोजच्या व्यवहारात वापरला जाणारा शब्द होता, पुढे तो भाषेतून जवळजवळ उठून गेला आणि मुख्यतः काही कुटुंबांच्या नावापुरता उरला. अशा शब्दाकडे पाहताना प्रथम ‘कॅच’ म्हणजे पकडणे आणि ‘पोल’ म्हणजे काठी असे दोन सोपे इंग्रजी शब्द दिसतात, आणि तेवढ्यावर अर्थ लावून मोकळे होण्याचा मोह होतो. अशा शब्दाचा आणि आडनावाचा शोध कसा घ्यावा, हे या एकाच उदाहरणाच्या आधारे पुढे मांडले आहे. दुसऱ्या एखाद्या दुर्मीळ आडनावालाही याच क्रमाने जाता येईल.

काम सुरू करण्यापूर्वी एक भेद मनाशी पक्का करावा. शब्दाचा इतिहास आणि आडनावाचा इतिहास हे दोन स्वतंत्र शोध आहेत आणि त्यांची दिशा परस्परविरुद्ध आहे. शब्दाचा शोध सर्वांत जुन्या नोंदीपासून अलीकडे येतो. आडनावाचा शोध आजच्या माणसापासून पिढ्या मोजत मागे जातो. शब्द कोठून आला हे कळले म्हणजे कुटुंब कोठून आले हे कळले असे होत नाही, कारण एकाच धंद्याची माणसे गावोगाव होती आणि त्यांतल्या कित्येकांना एकच नाव स्वतंत्रपणे चिकटले असणार. हे दोन शोध मध्ययुगीन दप्तरांत एका ठिकाणी एकमेकांना भेटतात. ती जागा पुढे येईल. तोपर्यंत दोन्हींची टिपणे वेगवेगळ्या वह्यांत ठेवावीत, हा सल्ला बाळबोध वाटला तरी तो न पाळल्यामुळेच बहुतेक घोटाळे होतात.

शब्दाच्या शोधाला ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीपासून सुरुवात करावी. या कोशाची कल्पना लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ मध्ये पुढे आली, पहिला भाग १८८४ मध्ये छापला गेला आणि पहिली आवृत्ती १९२८ मध्ये पूर्ण झाली. हा कोश केवळ अर्थ सांगत नाही, तर प्रत्येक अर्थाखाली त्या शब्दाच्या वापराची अवतरणे वर्षासह कालक्रमाने देतो. म्हणून येथे व्याख्या शेवटी आणि अवतरणे आधी वाचावीत. आजच्या व्याख्येत शब्दाचा अर्थ गोठलेला असतो. अवतरणांत तो हलताना दिसतो. त्यानंतर मिशिगन विद्यापीठाने २००१ मध्ये पूर्ण केलेला आणि आता महाजालावर विनामूल्य उपलब्ध असलेला मिडल इंग्लिश डिक्शनरी हा मध्ययुगीन इंग्रजीचा कोश उघडावा. त्यात अवतरणापुढे हस्तलिखिताचा काळ दिलेला असतो आणि मूळ रचना त्याहून जुनी असेल तर तिचा काळ वेगळा नोंदवलेला असतो. या दोन काळांची गल्लत करू नये. शिवाय हा कोश व्यक्तिनामांतले दाखलेही टिपतो, आणि आपल्या कामासाठी त्यांचे मोल मोठे आहे. कर वसूल करणाऱ्या क्षुल्लक माणसाविषयी कोणी कविता लिहिली नसेल, पण त्याचे नाव मात्र हिशेबाच्या गुंडाळीत उतरलेले असते. त्यामुळे धंद्यावरून पडलेले नाव त्या धंद्याच्या शब्दाच्या गद्यातील पहिल्या वापराआधी सापडणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. ‘कॅचपोल’ही नाव म्हणून फार लवकर भेटते.

फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यानंतरची काही शतके इंग्लंडचा कारभार लॅटिन आणि अँग्लो-नॉर्मन फ्रेंच या भाषांत चालत असल्याने केवळ इंग्रजी कोशांवर थांबता येत नाही. अँग्लो-नॉर्मन डिक्शनरी महाजालावर खुली आहे, आणि ब्रिटनमधील मध्ययुगीन लॅटिनचा मोठा कोश २०१३ मध्ये पूर्ण झाला आहे. लॅटिन आणि फ्रेंचच्या दोन बोली यांतील रूपे शेजारीशेजारी मांडली की चित्र स्पष्ट होते. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘काकेपोल्लुस’, अँग्लो-नॉर्मनमध्ये ‘काशपोल’ आणि मध्य फ्रान्सच्या जुन्या फ्रेंचमध्ये ‘शासपोल’ असे हे रूप दिसते. पहिला घटक ‘पाठलाग करणे, पकडणे’ या अर्थाच्या क्रियापदाचा आहे, आणि त्याचे मूळ लॅटिन ‘काप्तारे’ या क्रियापदाच्या वाढीव बोलीरूपात आहे. उत्तरेकडच्या नॉर्मन बोलीने आरंभीचा कठोर ‘क’ टिकवला, तर पॅरिसच्या बाजूच्या बोलीत तो मृदू झाला. इंग्रजीने दोन्ही रूपे उसनी घेतली. म्हणूनच ‘कॅच’ आणि ‘चेस’ हे दोन शब्द मुळात सख्खे भाऊ आहेत. ‘कॅटल’ आणि ‘चॅटल’ ही जोडीही अशीच फुटली आहे. दुसरा घटक लॅटिन ‘पुल्लुस’, म्हणजे कोंबडीचे पिल्लू किंवा कोंबडी. इंग्रजीतील ‘पुलेट’ आणि ‘पोल्ट्री’ हे शब्द याच घरचे. तेव्हा ‘कॅचपोल’ म्हणजे शब्दशः कोंबड्यांमागे धावणारा.

हा अर्थ हास्यास्पद वाटला तरी त्याला व्यवहाराचा आधार आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमिनीचे देणे पुष्कळदा वस्तुरूपात दिले जाई आणि त्यात कोंबड्या व अंडी असत. थकबाकीदाराच्या अंगणातून चटकन उचलून नेता येईल अशी मालमत्ता म्हणजे कोंबड्याच. वसुलीला आलेला माणूस त्या पकडण्यासाठी धावताना गावाने पाहिला असेल, तर त्याचे हे नाव पडायला दुसरे कारण नको. माझ्या मते या शब्दात पहिल्यापासून टवाळीचा सूर आहे, कारण एखादा अधिकारी आपल्या पदाला स्वतःहून असे नाव देणार नाही.

शब्दाची घडणही तपासावी, कारण ती स्वतंत्र पुरावा देते. येथे क्रियापद आधी आणि कर्म नंतर आहे. मराठीत आपण ‘पाकीटमार’ म्हणतो, म्हणजे नाम आधी आणि धातू मागून. इंग्रजीतील ‘पिकपॉकेट’ याच्या नेमका उलटा आहे. क्रियापद पुढे ठेवून माणसाला नाव देण्याची ही तऱ्हा फ्रेंचच्या वळणावर इंग्रजीत रुजली आणि ‘ड्रिंकवॉटर’, ‘वॅगस्टाफ’, ‘शेक्सपिअर’ यांसारख्या आडनावांत ती ठळक दिसते. ‘कॅचपोल’ मात्र इंग्रजीत या नमुन्यावर घडलेले नाही, ते फ्रेंचमधून तयार समास म्हणूनच आलेले आहे. आणि ते तयार आलेले असल्याने त्याच्या दुसऱ्या घटकाचा अर्थ इंग्रजीत शोधणे मुळातच चुकीचे ठरते.

आता लोकव्युत्पत्तींकडे, म्हणजे शब्दाच्या दिसण्यावरून लोकांनी लावलेल्या अर्थांकडे, वळावे. समोर येणारे प्रत्येक स्पष्टीकरण लिहून घ्यावे आणि त्याला तीन प्रश्न विचारावेत : सर्वांत जुनी रूपे त्याला मिळतात का, कालक्रम जुळतो का, आणि ज्या भाषेतून शब्द आला त्या भाषेत ते अर्थपूर्ण आहे का. ‘पोल’ म्हणजे काठी हे स्पष्टीकरण पहिल्या प्रश्नालाच पडते. काठी या अर्थाचा ‘पोल’ जुन्या इंग्रजीत दीर्घ ‘आ’ स्वराने उच्चारला जाई आणि तो लॅटिन ‘पालुस’वरून आलेला आहे; ‘काकेपोल्लुस’मध्ये त्याला जागा नाही. ‘पोल’ म्हणजे डोके, म्हणून मानगूट धरणारा तो कॅचपोल, हे दुसरे स्पष्टीकरण अधिक लबाड आहे, कारण कर्जदाराला अटक करण्याच्या कामाशी ते छान जुळते आणि ‘कॅचपोल’च्या काही लेखनरूपांत शेवटी दोन ‘एल’ येत असल्याने डोळ्यांनाही पटते. परंतु डोके या अर्थाचा ‘पोल’ फ्रेंच नाही, तो जर्मनिक कुळातला आहे. याच वाटेने काही जण हा शब्द ‘पोल टॅक्स’ म्हणजे डोईपट्टीशी जोडतात. त्याचा निकाल कालक्रम लावतो. इंग्लंडमध्ये ती गाजलेली डोईपट्टी १३७७, १३७९ आणि १३८१ मध्ये बसवली गेली, आणि हे नाव त्याच्या कितीतरी आधीपासून दप्तरांत येत होते. ‘कॅचपूल’ या लेखनातून निघणारे चौथे स्पष्टीकरण, म्हणजे हे एखाद्या तळ्याकाठच्या गावाचे नाव असावे असा तर्क, फार वेळ न घालवता बाजूला ठेवावे.

मूळ निश्चित झाल्यावर अर्थ कसा सरकला ते पाहावे. यासाठी दोन-तीन चांगली, नेमक्या काळाची अवतरणे पुरेशी असतात, पण ती संदर्भासह वाचावी लागतात. आरंभीचा अर्थ कर वसूल करणारा असा आहे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम लँगलंडच्या ‘पिअर्स प्लाउमन’ या काव्यात, येशूला क्रूसावर चढवण्याच्या प्रसंगी, एक कॅचपोल पुढे येऊन शेजारच्या दोन चोरांचे पाय मोडतो. हा वसुलीवाला नव्हे, हा दंडुका बाळगणारा शिपाई आहे. त्याच सुमारास विक्लिफच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बायबलच्या भाषांतरात, प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात, लॅटिनमधील ‘लिक्टोर’ म्हणजे रोमन दंडाधिकाऱ्यांच्या चपराशांसाठी ‘कॅचपोल’ हाच शब्द योजला आहे. १६११ च्या किंग जेम्स भाषांतरात त्याच ठिकाणी ‘सार्जंट’ आला. एकच वाक्य दोन काळांतील भाषांतरांत शेजारी ठेवून पाहणे हा शब्दाची प्रतिष्ठा मोजण्याचा फार सोपा मार्ग आहे आणि तो प्रत्येक जुन्या शब्दासाठी करून पाहावा. पुढे कॅचपोल म्हणजे शेरीफच्या, म्हणजे परगण्यातील राजाच्या अंमलदाराच्या, हाताखालचा, कर्जदारांना पकडून नेणारा हलका माणूस असा अर्थ स्थिरावला. १८६९ च्या डेटर्स अ‍ॅक्टने कर्जासाठी तुरुंगात टाकण्याची प्रथा बव्हंशी संपवली, तेव्हा या शब्दाचे उरलेसुरले कामही गेले.

दोन्ही शोध भेटण्याची जागा म्हणजे तेरावे आणि चौदावे शतक. या काळातील करांच्या याद्या, न्यायालयीन गुंडाळ्या आणि १२७४-७५ च्या सुमारास तयार झालेले हंड्रेड रोल्स, म्हणजे राजाने करवलेल्या चौकशीच्या नोंदी, यांत माणसाचे नाव पुष्कळदा ‘ह्यू ल काशपोल’ अशा धाटणीने लिहिलेले असते. (हे नाव केवळ धाटणी दाखवण्यापुरते आहे.) मधला ‘ल’ हे फ्रेंच उपपद आहे आणि त्याचा अर्थ सरळ आहे : तो कॅचपोल असलेला ह्यू. असा ‘ल’ दिसला की हे बहुधा अजून आडनाव नाही, ती त्या माणसाची ओळख आहे, असे धरून चालावे. त्याचा मुलगा सुतार झाला तर तो दुसऱ्याच नावाने नोंदला जाई. ‘ल’ गळून पडला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वेगळा धंदा करणाऱ्या मुलाच्या किंवा विधवेच्या नावापुढेही कॅचपोल येऊ लागले, की मगच ते वंशपरंपरागत झाले असे म्हणता येते. सफक परगण्यासाठी १३२७ च्या करयादीची छापील आवृत्ती उपलब्ध आहे. या टप्प्यावर तिचा चांगला उपयोग होतो. केवळ यादीत नाव आहे म्हणून तो आपला पूर्वज, अशी उडी मात्र घेऊ नये. यादी गावातला माणूस दाखवते, नाते दाखवत नाही.

आडनावाच्या शोधाची सुरुवात भूगोलापासून करावी. १८८१ च्या जनगणनेची संपूर्ण नामसूची फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते, आणि त्या वर्षीचा आडनावांचा विस्तार बहुतेक अभ्यासक आधारभूत मानतात. कॅचपोल आडनावाचा दाट ठिपका पूर्व इंग्लंडमधील सफकवर पडतो. शब्द देशभर चालू असताना आडनाव मात्र मुख्यतः एका परगण्यात टिकले, ही गोष्टच सांगते की या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनेक माणसांपैकी थोड्यांच्याच वंशात ते रुजले. ज्याच्या नावात वसुलीवाल्याची छी-थू आहे असे नाव इतरांनी संधी मिळताच टाकले असेल तर नवल नाही. यानंतर २०१६ मध्ये चार खंडांत प्रसिद्ध झालेला ब्रिटन आणि आयर्लंडमधील कुलनामांचा ऑक्सफर्ड कोश पाहावा. त्यात पंचेचाळीस हजारांहून अधिक आडनावे आहेत आणि प्रत्येक नोंदीत जुनी रूपे वर्षासह दिलेली आहेत. त्याआधीच्या छोट्या, लोकप्रिय आडनावसंग्रहांत लोकव्युत्पत्तीच व्युत्पत्ती म्हणून छापलेली असते, हे लक्षात ठेवावे. गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज ही १९७९ मध्ये स्थापन झालेली संस्था एकेका आडनावाचा जगभरचा अभ्यास करणाऱ्यांची नोंद ठेवते. आपले आडनाव आधीच कोणी हाती घेतले आहे का, हे तेथे विचारून घेतल्यास काही महिन्यांचे श्रम वाचतात.

लेखनभेदांची यादी शोध सुरू होण्याआधी करावी, नंतर नव्हे. कॅचपोल, कॅचपूल, केचपोल, दोन ‘एल’ असलेले रूप, शेवटी ‘ई’ असलेले आणि नसलेले, आरंभी ‘सी’ऐवजी ‘के’ असलेले, मधला ‘टी’ गाळलेले : ही सर्व एकाच आडनावाची रूपे असू शकतात. महाजालावरील अनेक सूची साउंडेक्स या संकेतपद्धतीने मिळतीजुळती नावे शोधून देतात. ती पद्धत पहिले अक्षर तसेच ठेवते आणि पुढच्या व्यंजनांना अंक देते. ‘टी’ असलेल्या कॅचपोल आणि कॅचपूल या दोन्ही रूपांना सी-३२१ हा संकेत मिळतो, पण ‘टी’ गेला की तोच संकेत सी-२१४ होतो, आणि आरंभी ‘के’ आला तर के-३२१. म्हणजे यंत्रावर विसंबून एकदाच शोध घेतला तर निम्मे कुटुंब हातातून निसटते. जुन्या हस्ताक्षरांत ‘सी’ आणि ‘टी’ ही अक्षरे इतकी सारखी दिसतात की सूची करणाऱ्याने कोणते वाचले यावरही भरवसा नसतो. पहिले अक्षर मोकळे सोडून, केवळ मधल्या ‘चपल’ या व्यंजनांवर शोध घेण्याची सोय असेल तर ती आवर्जून वापरावी.

पिढ्या मागे मोजताना क्रम ठरलेला आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यूची नागरी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. जनगणनांपैकी १८५१ पासूनच्या नोंदींत जन्मगावाचे नाव मिळते. १८४१ च्या नोंदीत केवळ त्याच परगण्यातला जन्म की बाहेरचा एवढेच असते आणि पंधरा वर्षांवरील वये सर्वसाधारणपणे पाचाच्या पटीत उतरवलेली असतात, म्हणून त्या वयांवरून जन्मवर्ष काढू नये. १८३७ च्या मागे चर्चच्या नोंदवह्या लागतात. त्या ठेवण्याचा आदेश टॉमस क्रॉमवेलने १५३८ मध्ये काढला, पण १५९८ मध्ये जुने कागदी पान चर्मपत्रावर उतरवून घेताना पुष्कळ ठिकाणी राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणापासूनचीच, म्हणजे १५५८ पासूनची, नक्कल केली गेली. सतराव्या शतकाच्या मध्यावरील यादवी युद्धाच्या आणि त्यानंतरच्या वर्षांत नोंदींत खिंडारे आहेत. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे फेब्रुवारी १७०० अशी लिहिलेली नोंद आपल्या गणनेने १७०१ ची असते. ही एक गोष्ट विसरली की मुलाचा बाप्तिस्मा आईबापांच्या लग्नाआधी झालेला दिसतो आणि नसते प्रवाद उभे राहतात. नोंदवह्यांत नाते तुटते तेथे मृत्युपत्रे मदतीला येतात; त्यांत जावई, नातवंडे आणि सावत्र मुले नावानिशी भेटतात.

प्रसिद्ध व्यक्तीशी नाते जोडण्याचा मोह या आडनावालाही आहे, आणि तो मार्गारेट कॅचपोलच्या रूपाने समोर येतो. सफकमधील ही मोलकरीण १७९७ मध्ये आपल्या जुन्या मालकाचा घोडा चोरून त्यावर बसून लंडनपर्यंत गेली, पकडली गेली आणि तिला फाशीची शिक्षा सुनावली गेली. ती शिक्षा हद्दपारीवर आल्यावर १८०० मध्ये मार्गारेट इप्सविचच्या तुरुंगाची भिंत ओलांडून पळाली, पुन्हा सापडली आणि १८०१ च्या डिसेंबरमध्ये न्यू साउथ वेल्सला पोहोचली. त्याच मालकाच्या मुलाने, रिचर्ड कॉबोल्ड या धर्मोपदेशकाने, १८४५ मध्ये तिच्यावर कादंबरी लिहिली आणि तीत तिला सुखाचा संसार व लांब आयुष्य बहाल केले. प्रत्यक्षात ती अविवाहित राहिली आणि १८१९ मध्ये वारली. तिची स्वतःची पत्रेही उपलब्ध आहेत. तरीही कादंबरीतला संसार खरा मानून वंशावळी आखण्याचा मोह होतो. म्हणून कोणत्याही प्रसिद्ध पूर्वजाच्या बाबतीत आधी त्याच्या दफनाची नोंद शोधावी आणि मगच त्याचे चरित्र वाचावे. ऑस्ट्रेलियात हे आडनाव पुढेही दिसते. १९३९ मध्ये जन्मलेला रग्बीचा कर्णधार केन कॅचपोल हे त्याचे ठळक उदाहरण. तेथील कुटुंबांचा माग मार्गारेटवरून नव्हे, तर इतर प्रवाशांच्या जहाजयाद्यांवरून काढावा लागतो.

शेवटी टिपण लिहिताना प्रत्येक रूपासमोर चार गोष्टी मांडाव्यात : वर्ष, गाव, कागदाचा प्रकार आणि कागदात जसे आहे तसेच लेखन. आजच्या लेखनात सुधारून लिहिलेले नाव पुढच्या शोधकाला निरुपयोगी असते. नाकारलेली स्पष्टीकरणेही नाकारण्याच्या कारणासह त्याच टिपणात ठेवावीत, कारण ती पुन्हा पुन्हा डोके वर काढतात. आणि ‘कॅचपोल’च्या बाबतीत एक वेगळी ओळ राखून ठेवावी, ती भटकी कुत्री पकडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, टोकाला फास असलेल्या काठीची. इंग्रजीत तिलाही हेच नाव आहे आणि ते खरोखरच ‘पकडणे’ व ‘काठी’ या दोन शब्दांचे बनले आहे. फक्त तो दुसरा शब्द आहे, त्याचा त्या कोंबड्यांशी संबंध नाही.